कोरी बादली

आप्पा, आज सकाळी एका पोरीने मला प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्या तोंडून तुमच्याच शब्दांत बाहेर पडलं. लातूरला तलावावर मी मुलींची सकाळची बॅच घेते, हे तुम्हाला ठाऊक आहे; सुरुवातीची काही वर्षं तुम्ही येऊन पाहूनही गेलात. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकीने शॉवरखाली उभं राहून पोहण्याचा पोशाख चिंब भिजवायचा, हा माझा तिथला नियम. नवीन आलेली ही पोर जिभेची तिखट. म्हणाली, पाण्यातच जायचंय तर आधी पाण्यानं भिजायचं कशाला. मी म्हटलं, "तहानलेला कपडा मिळंल ते पितो. त्याला आधी साधं पाणी पाज, म्हणजे तलावातलं औषधाचं पाणी तो कमी पिईल." कपड्याला कधी तहान लागते का, असं पुटपुटत ती शॉवरखाली गेली. मी मात्र शिट्टी हातात धरून तशीच उभी राहिले. घरी आले, चहा ठेवला, आणि चहा उतू जाईपर्यंत तुमच्याशी मनातल्या मनात बोलत राहिले. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

नांदेडचं आपलं घर म्हणजे पुढे दुकान, मागे अंगणात भट्टी, आणि मधल्या जागेत आपण. गल्लीत शिरलं की आधी वाळत घातलेल्या पगड्या दिसायच्या, मग घर. गुरुद्वाऱ्याकडून येणाऱ्या केशरी आणि निळ्या पगड्या, लग्नसराईतले फेटे, कुणाच्या विटलेल्या साड्या. त्या दिवशी भट्टीवर कोणता रंग होता हे जेवताना तुमच्या बोटांवरून कळायचं. एक गोष्ट मला तेव्हापासून आठवते. एखादं गिऱ्हाईक भांडायला यायचं, की तुम्ही रंगवताना माझी पगडी फाडली. तुम्ही आवाज चढवायचा नाहीत. फाटलेली जागा उजेडात धरायचात, धाग्यांची टोकं बघायचात, आणि मला जवळ बोलावून दाखवायचात. टोक आतून पांढरं निघालं तर रंगानंतर फाटलं, म्हणजे आपली चूक. टोकापर्यंत रंग चढलेला असेल तर कपडा फाटकाच आला होता. गिऱ्हाईक निघायला लागायचं, आणि तुम्ही ती पगडी तरीही आईकडून रफू करून द्यायचात. मला वाटायचं, एवढं जिंकल्यावर कशाला. आता नाही वाटत.

मी सातवीत असताना शाळेने उन्हाळ्यात पोहायला नेलं आणि तिथल्या बाईंनी सांगितलं, ही पोरगी पाण्यातली आहे, हिला सोडू नका. घरात चार दिवस चर्चा. आत्याचं म्हणणं, पोरीच्या जातीला हे थेर हवेत कशाला. तुम्ही जेवत होतात, तसेच जेवत राहिलात. शेवटी आईने तोड काढली. पोशाख गुडघ्यापर्यंतचा, काळा आणि जाड पाहिजे. तो धड आहे तोवर पोहायचं, तो गेला की पोहणंही गेलं. तेव्हापासून तो पोशाख म्हणजे माझा परवानाच झाला. आणि त्या परवान्याची आम्ही काय दशा केली, ते आज माझ्या मुलींना सांगितलं तर त्या कानाला हात लावतील. मी तलावावरून यायची ते ओला पोशाख प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून. दुपारभर तो तसाच कुबट होत पडायचा. संध्याकाळी आई त्याला साबण लावून दगडावर ब्रशने घासायची, दोरखंडासारखा पिळायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात टाकायची. नांदेडचं मे महिन्यातलं ऊन, आप्पा. त्यात वाळत घातलेले पापडसुद्धा दया मागतात.

व्हायचं तेच झालं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काळ्याचा तपकिरी झाला, तलावाच्या खरबरीत काठावर बसून बसून मागची बाजू विरली. आत्या आली होती. अंगणात दोरीवरचा पोशाख तिने उचलला, आभाळासमोर धरला आणि आईला म्हणाली, "ह्याच्यातून तर सगळं नांदेड दिसून राहिलंय. पोरगी मोठी झाली, आता पुरं कर." आईने मान खाली घातली. बोली तिचीच होती, आता मोडणार कशी. पुढच्या आठवड्यात लातूरला स्पर्धा होती, त्यासाठी बाईंनी माझं नाव दिलेलं होतं, आणि मी चुलीपाशी बसून भाकरीचा तोच एक तुकडा चिवडत होते.

तुम्ही उठलात. हात धुतलेत, दोरीवरून पोशाख काढलात आणि भट्टीकडे गेलात. रंगाऱ्याला विटलेला कपडा दिसला की त्याचे हात दुसरं काय करणार. गडद काळा चढला की आरपार दिसणार नाही, आत्याचं तोंड बंद, असा तुमचा साधा हिशेब. नायलॉनच्या साड्यांसाठी ठेवलेला उत्तम रंग काढलात, मोठ्या पातेल्यात आधण आणलंत आणि काठीने ढवळत बसलात. मी शाळेतून आले तेव्हा अंगणभर वाफ होती. काठीवर पोशाख उचललात. काय काळा होता तो. इतका देखणा काळा मी नंतर कुठे पाहिला नाही. थंड पाण्यात घालून तुम्ही तो दोन्ही पट्ट्यांना धरून ताणलात आणि सोडलात. तो ताणला तेवढाच राहिला. पुन्हा ताणलात, पुन्हा सोडलात. पोशाख ओल्या पोत्यासारखा लोंबत राहिला. तुम्ही पायरीवर बसलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाई, मी तुझा कपडा मारला." मी इतकं रडले की शेजारची काकू विचारायला आली, घरात कोण गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्याबरोबर तलावावर आलात. त्याआधी कधी आला नव्हतात. रंगांचे शिंतोडे असलेला पायजमा, हातात तो काळा पोशाख, आणि फाटकापाशी चप्पल काढून उभे, जणू देवळात आलात. बाईंना म्हणालात, "पोरीचा पोशाख मी उकळला. तिची चूक न्हाई. तिला लातूरला न्या." बाईंनी हसू आवरलं, पण नीटसं आवरलं गेलं नाही. कपाटातून त्यांनी एका मोठ्या मुलीचा मागे राहिलेला पोशाख काढून दिला आणि तुम्हाला समजावलं, की ह्या कपड्यात रबरासारखा ताणणारा धागा असतो. तो उकळत्या पाण्याने मरतो, कडक उन्हाने मरतो, आणि तलावात जंतू मारायला जे औषध टाकतात ते तर त्याला रोज थोडं थोडं खातं. तुम्ही वाकून तलावातलं ओंजळभर पाणी घेतलंत, हुंगलंत, आणि कालपासून उतरलेला तुमचा चेहरा एकदम सावरला. "हे तर आमचं ब्लीच हाय," तुम्ही म्हणालात. जुना रंग उतरवायला जन्मभर तेच वापरलेलं. शत्रू ओळखीचा निघाला की माणसाला धीर येतो.

त्याच संध्याकाळी कोरी बादली आली. घरात बादल्यांना काय तोटा, पण प्रत्येकीच्या तळाशी कुठला ना कुठला रंग बसलेला. ही पांढरी, रंग न लागलेली, खुंटीला उंच टांगलेली. तिला हात लावायची आईलाही मनाई. मी तलावावरून आले की तुम्ही भट्टीचं काम थांबवायचात, कोपरापर्यंत हात घासायचात आणि पाटावर बसायचात. आधी साधं थंड पाणी, दोनदा. मग चिमूटभर हायपो टाकलेलं पाणी, तुम्ही रंग उतरवल्यावर ब्लीचची धग मारायला वापरायचात तेच. मग पुन्हा साधं पाणी. ब्रश नाही, साबणाचा दगड नाही, पिळणं तर नाहीच. दोन तळव्यांत हलकं दाबायचं, जुन्या धोतरात गुंडाळायचं, पुन्हा दाबायचं, आणि जिन्याखालच्या सावलीत बाजेवर पसरून ठेवायचं. मलाही शिस्त लावलीत. उतरण्याआधी नळाखाली भिजायचं, काठावर बसायचं तर टॉवेल टाकून, ओला पोशाख पिशवीत कोंबायचा नाही. तहानलेल्या कपड्याचं वाक्य तेव्हाचंच. रंग सारखा बसावा म्हणून तुम्ही पगडी आधी साध्या पाण्यातून काढायचात, तीच रीत तुम्ही उलटी करून माझ्या पोशाखाला लावली होती.

हे सगळं चालायचं मागच्या अंगणात, पण गल्लीला कुठलं दार बंद असतं. लेकीचा पोहायचा पोशाख बाप धुतो, हे दोन दिवसांत सगळीकडे झालं. समोरचे किराणावाले मुद्दाम आत येऊन म्हणाले, घरात बायामाणसं न्हाईत का. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रंगाऱ्याला कपडा म्हणजे कपडा, शेठ. तुमचं धोतरबी मीच धुतोय की." ते निघून गेले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, माझ्या लुगड्याला उभ्या जन्मात हात लावला न्हाई, अन् हे बघा. पण तिच्या आवाजात हसू होतं, आणि तुमच्यासाठी चहाही तिनेच आणून ठेवला.

लातूरला आपण एस.टी.ने गेलो. बादली तुमच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा, तर तुम्ही म्हणालात की हिच्यावर कुणाचं गाठोडं यायला नको. शर्यतीत मी चौथी आले. पाण्यातून डोकं काढून तुम्हाला शोधलं, तर तुम्ही बसायच्या जागेवर नव्हतातच. पोशाख वाळवायला सावली कुठे मिळेल ते बघायला गेला होतात. परतीच्या वाटेवर तुम्ही एवढंच विचारलंत, की कुठे ढिला पडला का. मी म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणालात, आणि बादलीवर हात ठेवून झोपलात. दिवाळीला आत्या आली. तिने दोरीकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग जिन्याखाली जाऊन पोशाख उचलला, आभाळासमोर धरला. काहीच दिसेना. तिने तो परत बाजेवर पसरला, तोही नीट, आणि चहा मागितला. माझं पोहणं त्या दिवशी कायमचं ठरलं. पुढचं कॉलेज, नोकरी, लातूर, हे सगळं त्या बाजेवरूनच सुरू झालं.

आता माझ्या मुली तुमच्याच रीतीने पोशाख धुतात. लातूरच्या पाण्याची कथा तुम्हाला सांगायला नको. आम्ही बादलीभर पाण्यात सगळ्या पोशाखांना न्हाऊ घालतो आणि तेच पाणी फरशीला वापरतो. वर्षानुवर्षं पोशाख टिकतात, तेव्हा मुलींच्या आया मला विचारतात की कुठल्या कंपनीचा आहे. मी सांगते, कंपनी कुठलीही घ्या, सावली आपली घ्या.

एक गोष्ट मात्र तुम्ही कधी सोडली नाहीत. घरी कुणीही नवीन आलं की तुम्ही ते सांगायचात. जावई पहिल्यांदा जेवायला आले, तर वरणभातावर तूप पडायच्या आत तुम्ही म्हणालात, "जावईबापू, मी हिचा पोशाख उकळला होता." सगळे हसलो, तुम्हीही हसलात, पण तुमचं हसू सगळ्यांच्या आधी थांबलं. शेवटच्या आजारात, दवाखान्यातल्या खाटेवर, मी उशी सारखी करत होते तेव्हाही तुम्ही पुटपुटलात, "तो काळा कपडा... लई वाईट झालं बघ." मी म्हटलं, आप्पा, किती वर्षं झाली त्याला. तुम्ही मान हलवलीत, पण पटलेलं नव्हतं.

मागच्या महिन्यात नांदेडचं घर आवरताना तुमच्या पेटीत तो सापडला. घडी घालून, सुती कापडात गुंडाळून ठेवलेला. रंग अजून तसाच, तुमच्या हाताचा. मी तो खिडकीपाशी नेला, आणि माझे हात आपोआप मागच्या विरलेल्या जागेवर गेले, कारण इतक्या वर्षांत मी इतके मेलेले पोशाख पाहिलेत की कोण कशाने गेलं ते मला कळतं. तिथे तुटलेल्या रबराच्या धाग्यांची केसांसारखी टोकं वर आली होती. मी ती उजेडात धरली, तुम्ही पगडी धरायचात तशी. आप्पा, ती टोकं आतून पांढरी नाहीत. टोकापर्यंत काळा रंग चढलाय, प्रत्येकाला. कपडा फाटकाच आला होता. तलावाच्या पाण्याने, आईच्या ब्रशने, माझ्या पिशवीने आणि नांदेडच्या उन्हाने तो पातेल्यात पडायच्या आधीच गेलेला होता. तुम्ही मारला नाहीत. तुम्ही त्याला फक्त शेवटचा चांगला रंग दिलात.

त्या खिडकीपाशी मी खूप रडले. आत्ताही हे लिहिताना डोळे भरलेत. गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही टोकं बघून न्याय दिलात, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र एकदाही उजेडात धरून पाहिलं नाहीत. हा कागद मी त्या पोशाखाच्या घडीत ठेवणार आहे. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

पण एक खरं सांगते. हे मला तेव्हा कळलं असतं, तरी मी बहुधा गप्पच बसले असते. त्या चुकीपायीच तुम्ही रोज संध्याकाळी भट्टी सोडून बादलीपाशी बसायचात, मी शेजारी बसून तलावावरचं सगळं सांगायची, आणि तेवढा वेळ तुम्ही कुणाच्याच पगडीचे नसायचात. तुमची सुटका करून मी त्या संध्याकाळी गमावल्या नसत्या, आप्पा.