बचावफळी आपलीच

क्लीव्हलँड, मंगळवार

प्रिय लोरेटा,

नवा खुबा छान बसलाय, काळजी करू नकोस. तुझा खोकला थांबला का?

शेजारच्या खाटेवरचा व्हर्जिल फुटबॉलवरून मला डिवचत म्हणाला, "तुमच्या टीमची बचावफळी म्हणजे उघडं फाटक. चेंडू काखेत मारून कुणीही पळत जावं."

"अरे, मधले दोघं पाय कसे रोवतात, बघ," म्हणत मी दाखवायला उठून उभाच राहिलो.

नर्स दारातच थबकली. "क्लाइड आजोबा, तीन दिवस विनवतेय, तेव्हा हललासुद्धा नाहीत."

पडायची भीती वाटत होती, ते तुला कळवलं नव्हतं.

हंगामातल्या शेवटच्या सामन्याला स्टेडियममधली माझी खुर्ची कुणाला देऊ नकोस. आपण तिथं तीस वर्षं बसतोय, पण तिथवर पायऱ्या किती, ते मोजून कळव.

तुझाच,
क्लाइड