घर सगळ्यांना पाठ आहे

३ मार्च
नोकरी लागली, तीही बंगल्यात! माझ्या खोलीला चक्क बाल्कनी आहे. काम आबांचं, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या मालकांचं. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू लुळी पडलीये, वाचाही गेलीये. अंग पुसायचं, औषधं द्यायची, चमच्यानं भरवायचं. सूनबाई, म्हणजे वहिनी, भारी हौशी. मी बॅग टेकवते न टेकवते तोच त्यांनी फोनवर सगळं घर दाखवलं: जिना, हिऱ्यांच्या बांगड्या, कपाटातली तिजोरीसुद्धा. मग मला पुढं ओढलं, "आणि ही आमची नवी सिस्टर!" मी लाजून चूर. संध्याकाळपर्यंत हजारोंनी तो व्हिडिओ पाहिला म्हणे.

६ मार्च
आबांचा मुलगा, दादा, आणि वहिनी परदेशी गेले. विमानतळावरूनच फोटो टाकला, खाली लिहिलं की घर आता आबा आणि सिस्टरच्या भरवशावर. आबांना दाखवला, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. बराच वेळ सोडेनात.

८ मार्च
पाण्याचं मशीन दुरुस्त करायला एकजण आला. मी बोलावलं नव्हतं, दार उघडलं नाही. जाता जाता म्हणाला, आबांचा पलंग खिडकीपासून हलवलात, बरं केलंत. पलंग सकाळीच हलवला होता. वहिनींना फोटो पाठवला होता, त्यांनी तोही टाकलाय.
फोन केला. हसल्या. लोक जळतात, मनावर घेऊ नकोस म्हणाल्या. थोड्याच वेळात नवी पोस्ट: आमची सिस्टर किती घाबरट!

९ मार्च
पोलिसांना फोन केला. काही घडलंय का, विचारलं. नाही म्हटलं. घडलं की कळवा म्हणाले.
फोटोखाली कुणीतरी विचारलंय, सिस्टरला सुट्टी कधी असते. वहिनींनी उत्तर दिलंय — तिला कसली सुट्टी!

१० मार्च
माळी आला नाही. फोनही बंद. फाटकासमोर एक अनोळखी गाडी, सकाळपासून.
आबांना उचलून जिना उतरायला गेले. जमेना. पडता पडता वाचलो. ते दाराकडे बोट दाखवतात — तू जा. कशी जाऊ?

११ मार्च
भरदुपारी वीज गेली. फक्त आमची.
खाली काच फुटली. पोलीस येतो म्हणाले. वहिनी फोन उचलत नाहीत — आत्ताच समुद्रावरचा फोटो टाकलाय —
दाराला टेबल लावलंय. पावलं जिन्यावर. कुठं थांबत नाहीत, काही शोधत नाहीत —
दाराशी आलेत. आवाज अगदी साधा, शेजारच्या माणसासारखा. सिस्टर, उघडा, म्हाताऱ्याला काही व्हायला नको ना —
उघडलं तर — नाही उघडलं तर —
आबा मान हलवतायत. नको म्हणतायत, की