नावाची जागा

प्रिय विभा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पोस्टमननं अख्ख्या कमठाण्यात सांगत आणलं, कॅसेटवालीचं पत्र आलंय म्हून. मला तुझ्यासारखं लिहिता येत न्हाई, चौथीत शाळा सुटली ती सुटली, तवा जसं बोलते तसंच लिहायलेय. गुर्जींना दाखवू नगंस, तुझे वडील लाल पेन घेऊनच बसतील. तू लिहिलंस की कॅसेटची आता सीडी निघायलीय, टीव्हीवर दाखवायला गाण्याचं शूटिंग करायचंय, तर मी आन् बाळानं हैदराबादला यावं. 'आमच्या गाण्यातला योगीराज खराच जन्माला आलाय, तेला पाळण्यात दाखवू' असं लिहिलंस. तेवढं वाचलं आन् पत्र घडी करून पत्र्याच्या पेटीत घातलं. दोन दिवस पेटी उघडली न्हाई. आज सासू रानात गेलीय, लेकरू निजलंय, म्हून बसलेय.

इकडं तुमची कॅसेट लई चाललीय. औरादच्या बाजारात, बीदरच्या बस स्टँडवर, वरातीत, सगळीकडं 'हाक'. पेपरात तुमचा चौघांचा फोटो आला, चौबारा बँड, बीदरची पोरं म्हून. माझ्या सासऱ्यानं तो कापून देवाच्या फळीवर चिकटवलाय, रोज अष्टगंध लावतेत. तुझ्या कपाळाला बी लागतंय. पुण्याला, हैदराबादला कामाला निघालेली पोरं बसमधे बसली की ड्रायव्हरला तेच लावायला लावतेत. योगीराज रे, वाट धर रं, मागं बघू नगंस. खाली उभ्या राहिलेल्या आया डोळे पुसत हसतेत. तेंना वाटतंय, पोराला पुढं जा म्हणायचं गाणं हाय. ढोलाच्या जागी तुमचा ड्रम बसला, गिटार बसली, कुणाला बी तसंच वाटंल. मला बी कधी कधी वाटतंय. मग माझाच आवाज येतोय.

तुला तर ठाव हाय ते कशाचं गाणं हाय. आपण सात-आठ वर्षांच्या असू. तुमच्या घराच्या मागं आमच्या वस्तीत बंडेप्पा म्हातारा गेला, तवा माझी आई बाणूबाई मयताच्या उशाशी बसून म्हणत होती आन् तू भिंतीवर चढून ऐकत होतीस. तुझ्या आईनं, कुसुमताईंनी, तुला खाली वढून आंघोळ घातली होती. आमच्या धनगरांत मेलेल्याला वाटंला लावायचं ते गाणं. तेचं नाव घेऊन तीनदा हाक मारायची, जा म्हणायचं, मागं बघू नगंस म्हणायचं, म्हंजे जीव घराभवती घुटमळत न्हाई. आन् मयत समोर नसंल, नुसतं शिकायला म्हणायचं असंल, तर नावाची जागा मोकळी सोडायची. तिथं नुसता श्वास घ्यायचा. हे बी मी तुला त्या काचंच्या खोलीत जायच्या आधी सांगितलं होतं.

तो दिस माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई. कानाला ते जड जड लावलेलं, समोर माईक, काचंच्या पलीकडं तू आन् तुझी गिटारवाली पोरं. मी नावाची जागा सोडून चारदा म्हणलं. तो मशीनवाला म्हणायचा, अम्मा, इधर खाली कायकू छोड रैं, कुछ तो बी नाम डालो. तू काचंतनं हात केलास, कुणाचं बी घाल गं, तोंडाला येईल ते. मी लई इचार केला विभा. माझ्या माहेरात कुणाचं नसावं, सासरी नसावं, तुमच्या घरात नसावं, त्या पोरांत नसावं. पायापाशी माझी पिशवी होती, उदगीरच्या दुकानाची, वर लिहिलेलं योगीराज वस्त्र भांडार. म्हणलं ह्या नावाचं आपल्यात कुणीच न्हाई. कुणाला बाधायचं न्हाई. घातलं.

मला पाचवा महिना होता. पोटुशीनं ते गाणं ऐकायचं बी नसतंय, म्हणायचं तर लांबच. ते तुला सांगितलं न्हाई, सांगितलं असतं तर तू म्हणू दिलं नसतंस, आन् मला म्हणायचं होतं. खरं सांगते. आपल्या गावातनं कुणी मला कधी कशाला बोलावलं न्हाई, तू बोलावलंस. आमचे हे, नागराज, बाहेर चहा पीत बसले होते. येताना बसमधे तेनी इचारलं, कसलं गाणं हाय गं. मी म्हणलं पाळणा. एकदा म्हणलं की तेच धरून बसावं लागलं. तुला फोन करून मीच हाता-पाया पडले, कॅसेटवर गाण्याच्या नावापुढं 'पाळणा' छाप म्हून. तू छापलंस. ह्यात तुझी चूक न्हाई, मी सगळं माझ्याकडं घेतलंय.

श्रावणात बाळ झालं. बाराव्या दिवशी आई येऊ शकली न्हाई, तिच्याकडं चुलत्याचं सुतक होतं, ती तिथं खरंखुरं गाणं म्हणत बसली होती. इथं बारसं घातलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, माझी नणंद मनीषा बीदरहून आली, हातात तुमचीच कॅसेट, म्हणायली मी सांगणार न्हाई, आधी कानात. पाळण्यात वाकली, कुर्र केलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आन् ती तोंड वर करून म्हणली, योगीराज. आईनं पोटात असतानाच ज्याचा पाळणा म्हणला तो. सगळ्या बाया हसल्या, माझ्याकडं बघायल्या. मी बी हसले. मला दुसरं काय करता आलं असतं सांग. तोंड उघडलं असतं तर पहिल्यापासनं सगळं सांगावं लागलं असतं. ऐकलंय की औरादकडं ह्या सालात आनखी दोन पोरांचं हेच नाव ठेवलंय.

संक्रांतीला औरादला माहेरी गेले. बाजारात आई म्होरं, मी बाळाला काखेत घेऊन मागं. कॅसेटच्या दुकानात गाणं लागलं. आमच्यातल्या तीन म्हाताऱ्या बोरं विकत बसल्या होत्या, तिघींनी तराजू खाली ठेवला. एक म्हणली, कोण गेलं गं? दुसरी म्हणली, कोण की योगीराज. आई रस्त्यातच खाली बसली, मातीला तळहात लावला. हाका मोजायली. तीन झाल्या, चौथी झाली, मग तिनं वर माझ्या काखेत बघितलं. घरात आल्यावर म्हणली, आवाज तुझा हाय. मी सगळं सांगितलं. ती म्हणली, हाक तीनदा मारायची असतीया. एकोणीसदा कुणी मारली? मी म्हणलं, मशीननं मारली आई, मी तीनदाच मारली.

नाव बदलू का म्हणलं. आई म्हणली, लेकरू हाकेला वळायला लागलं का? मी म्हणलं, व्हय. मग न्हाई म्हणली, मग नाव अंगात गेलं.

विभा, ते वळतंय. पर घरातल्या कुणाच्या हाकेला न्हाई. सासू दिसभर योगी योगी करत हिंडतीया, तिकडं बघत न्हाई. मी तर तेला नावानं हाकच मारत न्हाई, बाळ्या म्हणते, सोन्या म्हणते. माझ्या तोंडातनं तेनं तेचं नाव ऐकलंय ते फक्त त्या स्पीकरातनं. आमच्या दारासमोर रस्ता, रस्त्यापलीकडं हावगेप्पाचं हॉटेल. मानूस चांगला हाय, लेकरू दारात दिसलं की मुद्दाम आवाज वाढवतोय, बारक्या, तुझं गाणं लागलं बघ. आठवा महिना लागलाय, रांगायलंय. गाणं लागलं की हातातली वाटी टाकतंय आन् निघतंय. उंबऱ्यावरनं उतरायला कुणी शिकवलं न्हाई, शिकलं. तिथनं मी नाव सोडून काय बी ओरडले तरी मागं बघत न्हाई. लेकरं आईकडं बघतेत ना, दोन पावलं गेली की? हे बघत न्हाई. गाण्यात म्हणलंय तसं.

पहिल्यांदा पायरीवर धरलं. दुसऱ्यांदा नालीपाशी. गेल्या गुरुवारी मी पाणी शेंदायलते, गाणं कानावर आलं, घागर सोडून पळाले, तर ते डांबरावर. उसाचा ट्रॅक्टर तेच्यापासनं हातभर लांब थांबलेला, दोन ट्रॉल्या भरलेल्या, ड्रायव्हर खाली उतरून डोकं धरून बसलेला. लेकरू हसत स्पीकरकडं बघायलंय. हावगेप्पाच्या पाया पडले, अण्णा, हे गाणं लावू नका. तो बी घाबरला होता, आठ दिस लावत न्हाई म्हणला, पर अक्का, मी बंद केलं तर काय झालं, जीप तेच लावून जायलेत, ट्रॅक्टर तेच लावून जायलेत. खरं हाय तेचं. दाराला फळी ठोकलीय. काल बघितलं तर फळीला धरून उभं राहायला लागलंय. ह्यांना वाटतंय लेकराला गाण्याचं वेड हाय, मोठेपणी तुमच्या बँडात जाईल. लोकांना सांगतेत.

आता मी कामून लिहायलेय ते सांगते. तुला कॅसेट बंद कर म्हणायला लिहीत न्हाई, इतक्या घरात गेलेली ती कुणाच्यानं बंद व्हायची. तुझी सीडी निघू दे, टीव्हीवर बी येऊ दे, कॅसेटच्या जागी लोकांनी तीच लावावी. फक्त ती निघायच्या आधी मला एकदा त्या काचंच्या खोलीत उभी कर. मी आईला इचारलं होतं, नाव काढून जागा मोकळी ठेवली तर? ती म्हणली, भरलेली जागा परत मोकळी होत न्हाई, तेच्या जागी दुसरं नाव बसवावं लागतंय, आन् ते बी ज्याचं तेनं आपल्या खुशीनं द्यावं लागतंय. मग ती लई वेळ माझ्याकडं बघत बसली, आन् उठून भाकरी थापायला गेली. मी येत्या बुधवारी सकाळच्या बसनं निघते. शूटिंगला येते असं घरी सांगितलंय. बाळाला आणणार न्हाई, औरादला आईपाशी ठेवणार हाय, तिच्या दारासमोर रस्ता न्हाई. मशीनवाल्याला सांगून ठेव, जास्त वेळ घेणार न्हाई, तीन हाका हायेत, तेच्या तेनं एकोणीस करू दे. माझं नाव तितकंच लांब हाय, जात्यावर म्हणून बघितलंय, तालात बसतंय. ह्यांना काय सांगू नगंस. आन् तू मला अडवू नगंस.

तुझीच,
श्रीदेवी