मोहाखाली पुरायचं पातं

८ फेब्रुवारी १९३८, देवपूर
डॉ. हो म्हणाले! मी दवाखान्याचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. नर्सबाईला शोभलं नाही, पण उतरले.
पिंपळनेर, साक्री आणि पार तिकडे रावेर, तिन्हीकडच्या सुइणी माझ्या खोलीत दोन दिवस राहणार. एरवी एक सुईण दुसरीच्या गावात पाऊल टाकत नाही. डॉ. म्हणाले, पहिल्याच दिवशी भांडून उठतील. बघू या.
यमूला पत्र टाकलं. माझी धाकटी बहीण, पिंपळनेरजवळ दिली आहे. तिसऱ्यांदा दिवस भरत आलेत. आधीची दोन्ही आठव्या दिवशी गेली, धनुर्वाताने. दोन्ही वेळा नाळ भागाक्काने कापली, घरच्या विळ्याने. पिंपळनेरहून मी तिलाच बोलावते आहे. तिच्याशी धड बोलता येईल का मला?

१३ फेब्रु.
काशीआक्का रावेरहून आल्या. चाळीसगावला गाडी बदलून, डोक्यावर केळ्यांचा फणा. साठीच्या पुढच्या, पण माझ्याआधी पाणी भरून मोकळ्या. साक्रीच्या दोघी आल्या. भागाक्का शेवटी आली, दारातच बसली.

१४ फेब्रु.
आज तोंडावर आपटले.
दिवाळीपासून मी भागाक्काला पुड्या पाठवते. उकळलेलं पातं, उकळलेला दोरा, वर स्वच्छ मलमल. विळा सोडलास का, विचारलं. सोडला म्हणाली. मी खूश. मग म्हणे, "बठ्ठा त्याच पातंनी करस." सगळ्या बाळंतपणांना तेच! कंबरेची पिशवी सोडून दाखवलं. एकच पातं. हळदकुंकवाने पिवळंलाल झालेलं. बाकीच्या पुड्या तशाच देव्हाऱ्यात!
पाचवीला ज्याने नाळ कापली ते सटवाईपुढे मांडतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मीही मांडलेलं पाहिलं आहे. पुडी बांधताना आठवलं नाही, एवढंच. पूजलेलं पातं ती पुढच्या बाळाला वापरत होती, कारण ते पावलेलं.
मी ओरडले. यमूच्या गेलेल्या दोन्ही बाळांचा विषय काढून ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "जे पातंनी नाळ कापी तेच पूजनं पडस, बाई. आनि पूजेल वस्तू फेकानी कशी?"
साक्रीच्या दोघी गाठोडी बांधायला लागल्या. डॉ.चं खरं होणार.

१५ फेब्रु.

सकाळी काशीआक्का चुलीपाशी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, त्यांच्याकडेही पातं पूजतात. पण पाचवी झाली की ते देवीचं. मग केळीच्या बुडाशी पुरायचं, वारेच्या शेजारी. "देवीचं ते तिले दिलं. मंग दुसऱ्या पोराले ते कसं लावाचं, माय?"
साक्रीच्या दोघींनी बांधलेली गाठोडी बाजूला ठेवली. इतकी वर्षं पुस्तकं वाचते, हे कुठेच नाही.
भागाक्काने केळं सोललं. मग म्हणाली, तिच्याकडे केळी कुठे, सगळा डोंगर. साक्रीची थोरली म्हणाली, मोहाचं झाड तर आहे. हो, मोह आहे. मोह चालेल असं ठरलं. दर बाळाला नवं पातं, दर पाचवीनंतर मोहाखाली. मी नुसती मान हलवत होते. माझी सभा माझ्या हातातून कधी गेली कळलंच नाही. फार बरं वाटलं.
निघताना मात्र भागाक्का उंबऱ्यात थांबली. "तुन्ही बहीणनं बाळंतपण मना हातमा देशी का?"
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. यमूला इकडे आणायचं मी मनाशी पक्कं केलं होतं, तिच्या सासूबाईंची समजूतही घातली होती. नाही म्हटलं असतं तर एकीनेही पुडीला हात लावला नसता.
दिलं, म्हणाले. आणि मी येणार नाही, तूच.
हे काय बोलून बसले मी?

२२ फेब्रु.
साखळी चालू! मी उकळते, लॉरीवाले नाना साक्रीला पोचवतात, साक्रीची थोरली बाजाराच्या दिवशी पुढे पिंपळनेरला. रावेरच्या पुड्या रेल्वेने. आणि आज काय, काशीआक्कांचा निरोप, यावलकडच्या सुईणीलाही हव्यात. डॉ.ना सांगितलं. मिशीत हसले, पण दवाखान्यातलं मोठं पातेलं दिलं.

३ मार्च
यमू सुटली! पहाटे. मुलगी. नाना भोंगा वाजवतच आले. भागाक्काचा निरोप: नवी पुडी फोडली, हात उकळलेल्या पाण्याने दोनदा धुतले. दोनदा! मी एकदाच सांगितलं होतं.
रोज साक्रीपर्यंत निरोप धाडते म्हणाली, पुढे नाना आणतील. धनुर्वातात मूल आधी दूध सोडतं, हे तिने लक्षात ठेवलंय. म्हणून एकच शब्द येईल, पेस. म्हणजे पिते आहे.

७ मार्च
पाचवी. पेस. आणि पातं मोहाखाली पुरलं, यमूच्या सासूच्या देखत. नाना म्हणाले, सासूबाईंनी वर दगड ठेवला, कोणी उकरू नये म्हणून. मी हसले, मग पातेल्यासमोर बसून रडलेही थोडं.

९ मार्च
सातवा. पेस. शिवाय आणखी दोन पुड्या मागितल्यात, पलीकडच्या गावच्या सुईणीसाठी. भागाक्का स्वतः त्या गावात गेली होती. पाऊल टाकलं तिने. हे एरवी कोणाला सांगत सुटले असते, आज जीभ रेटत नाही.

१० मार्च
आठवा.
मागच्या दोन्ही वेळा मला बातमी कळली ती नवव्या दिवशी. आज तरी आजच कळेल.
भागाक्काच्या दोन पुड्या बांधून तयार. दोन काय, चार बांधल्या. डॉ. दोनदा विचारून गेले, नाना आले का.
पांझरेच्या पुलावर भोंगा वाजला. नानांचाच. रोज लांब वाजवतात, आज तुटकच वाजला की मला तसं वाटलं?
पुड्या घेऊन खाली जाते.