निर्धास्तचा पहिला ग्राहक

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. चिन्मयास,
अनेक आशीर्वाद.

तू बरा असशील. आईची पाठदुखी कमी झाली असेल अशी आशा आहे. मी ठीक आहे. नळाला पाणी कधी येईल ते नेहमीप्रमाणे सिडकोत कोणालाच माहीत नाही. द्वारकाबाईंनी तुझी चौकशी केली आहे.

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या चिकलठाण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. एकाच गावात राहून काकूला पत्र लिहायची हौस का आली, असं तुला वाटेल. हौस नाही. तू फोन केलास की स्पीकर लावतोस आणि तुझे बाबा शेजारी बसून ऐकतात. काल तेच झालं. तू म्हणालास, "काकू, तू माझा पहिला ग्राहक घालवलास." मागून भाऊजींचा आवाज आला, "वहिनींना सांग, आपल्याला कळत नाही त्यात पडू नये." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

ते "बरं" खरं नव्हतं. माझी अशी पुष्कळ "बरं" खोटी आहेत. आज कागदावर खरं लिहिते.

आधी गंगापुरात काय झालं ते ऐक, कारण तुला ते फक्त राजेंद्रकडून कळलं आहे. शनिवारी मी एसटीने नीरजाला तिच्या सासरी भेटायला गेले. हिमांशू जाऊन पाच महिने झाले. कॉलेजात असताना तुम्ही दोघं माझ्याच स्वयंपाकघरात बसून थालीपीठं संपवायचात, तेव्हा त्याच्या बायकोला भेटायला मला कोणाची परवानगी लागत नाही. आम्ही दोघी चहा घेत होतो. तेवढ्यात तिचा दीर राजेंद्र मोबाईल घेऊन आत आला.

"वहिनी, तुमच्या फोनवर एक आकडा आला असेल. सांगा बरं."

"कसला आकडा?"

"चिन्मयच्या ॲपचा. हिमांशूच्या कागदपत्रांची कामं लवकर होतील. तुम्हाला कुठं जायला नको, यायला नको."

नीरजाने फोन उचलला. मी तिच्या हातातून घेऊन वाचला. आकड्याच्या वर मराठीत लिहिलं होतं, हा आकडा सांगितल्यास मृताच्या सर्व मालमत्तेचा व्यवहार अर्जदाराने पाहण्यास आपली संमती आहे असे समजले जाईल. अर्जदार राजेंद्र. मालमत्ता म्हणजे बीड बायपासचा फ्लॅट. त्या फ्लॅटमध्ये परत जाऊन शाळेची नोकरी सुरू करायची, एवढंच त्या मुलीच्या डोक्यात आहे. मी ते मोठ्याने वाचलं. नीरजाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "दादा, मला हे कोणी सांगितलं नव्हतं."

"अहो, ते सगळ्यांनाच येतं तसं. सांगा, वेळ संपत चाललीय."

मी म्हटलं, "नीरजा, नको सांगू."

राजेंद्र माझ्याकडे बघून हसला. "काकू, पुतण्याचाच धंदा बुडवता की काय?"

नीरजाने फोन पदराखाली घेतला आणि आकड्याची वेळ संपेपर्यंत तशीच बसून राहिली. तुझा पहिला ग्राहक गेला तो असा.

आता माझा प्रश्न. तुझा ग्राहक कोण होता रे? राजेंद्र? मग नीरजा कोण होती?

फेब्रुवारीत तू मला काय सांगितलं होतंस, ते आठव. हिमांशूचा दहावा झाल्यावर तू माझ्याकडे येऊन रडलास. म्हणालास, "काकू, नीरजा या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतेय. प्रत्येक जण नवा कागद मागतो. नवरा गेल्याचं तिला दिवसातून दहा वेळा सांगावं लागतं. बायकांसाठी काहीतरी केलं पाहिजे." मला तुझा अभिमान वाटला. ॲपचं 'निर्धास्त' हे नावही आपण दोघांनीच ठरवलं.

मग मे महिन्यात तू मुलाखती घ्यायला आलास. कामाला हात घालण्याआधी माणसांना विचारायचं, असं तू म्हणालास. ते मला पटलं. तू मला नियमही समजावून सांगितलास, की तुम्ही हे वापराल का असं विचारायचं नाही, कारण माणसं तोंडावर हो म्हणतात. मागच्या वेळी तुमच्यावर प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केलंत, ते विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. नियम चांगला होता. मी गल्लीतल्या सात-आठ जणी गोळा केल्या, सगळ्या माझ्यासारख्याच नवरा गेलेल्या. दडपे पोहे केले.

आणि तू बाबांना घेऊन आलास.

"बायका परक्या मुलाशी बोलायच्या नाहीत, मी ओळख करून देतो," असं ते म्हणाले, आणि बैठकीतल्या मोठ्या खुर्चीत बसले. त्यांतल्या सुलेखाचा मुलगा तिच्यासोबत आला होता. त्याला तू शेजारी खुर्ची दिलीस. आम्ही बायका सतरंजीवर. तू मोबाईल मधे ठेवून विचारलंस, "काका गेल्यावर कागदपत्रांचा त्रास झाला का?" भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा वहिनी, मी तुम्हाला काही त्रास होऊ दिला का?"

मी काय सांगणार होते? ज्यांच्या नावावरच्या घरात राहते, ते समोर बसलेले. म्हटलं, "नाही. भाऊजींनीच सगळं केलं." सुलेखाच्या वेळी तर तिने तोंडही उघडलं नाही. मुलगाच म्हणाला, "आईला यातलं काही माहीत नाही, मीच बघतो." तू त्याचं म्हणणं तिच्या नावापुढे लिहिलंस.

द्वारकाबाईंना मी काल विचारलं, तुम्ही त्या दिवशी एवढं हो हो का म्हणत होता? त्या म्हणाल्या, "अगं, पोरगं एवढ्या उन्हाचं आलं. मपलं नाव लिवून घेतलं. त्याला नाय कसं म्हनायचं? लई गुणाचं लेकरू."

"पण तो काय विचारत होता ते कळलं का?"

"नाय बाई. पण तुझे दीर मान हलवत व्हते, म्हनून मी बी हलवली."

हे तुझं संशोधन! महिनाभराने तू लॅपटॉप घेऊन आलास आणि मला मोठ्या कौतुकाने दाखवलंस. कागदपत्रांचा त्रास: फारसा नाही. निर्णय घेणारी व्यक्ती: दीर, भाऊ, मुलगा. म्हणून आता ॲप त्यांच्यासाठी करायचं. बाईला फक्त आकडा येईल. तू म्हणालास, "काकू, डेटा खोटं बोलत नाही." तेव्हाच तुझ्या थोबाडीत द्यायला हवी होती. मी तुला चहा दिला.

चिन्मय, तू वाईट मुलगा नाहीस. त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाला ओळखता तरी येतं. तू डोळ्यांत पाणी आणून सुरुवात केलीस, आणि ज्यांच्यामुळे बाईच्या डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या हातात हत्यार देऊन मोकळा झालास. वर त्याचं नाव निर्धास्त! कोण निर्धास्त झालं रे?

आता मे महिन्यात तू मला जे विचारलंस, त्याचं उत्तर देते. नियम तुझाच आहे, मागच्या वेळी काय झालं ते सांगायचं.

तुझे काका गेले तेव्हा तू अकरावीत होतास. औरंगपुऱ्यातला त्यांचा छापखाना तुला आठवत असेल. मी सातवीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर ते पत्रिकांचे नमुने घरी आणायचे, मी चुका शोधायची. पत्रिका वाचता वाचता मी लायब्ररीची पुस्तकं वाचायला लागले. पुढं पुढं दुपारी छापखान्यातच जाऊन बसायची. त्यांच्या नखांतली शाई कधी पूर्ण निघायची नाही. रविवारी ते रॉकेलने हात घासायचे आणि मी ओरडायची, की जेवताना वास येतो. आता बाजारात कुठं रॉकेलचा वास आला तर मी तिथं थोडी उभी राहते. या गोष्टीची मला सवय झाली आहे, तुला सांगून तुझा जीव जड करायचा नाही.

सांगायचं हे, की मला छापखाना चालवायचा होता. मशीनवरच्या कडुबाला मी तसा निरोपही दिला होता, की चौदाव्याला उघड, मी येते. तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे बाबा रिक्षा घेऊन आले. "वहिनी, बँकेची कामं आहेत, दोन सह्या लागतील." रिक्षा बँकेत गेलीच नाही, नोंदणी कार्यालयात गेली. तिथं माझा फोटो काढला, अंगठा घेतला. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "हक्क सोडताय ते स्वखुशीने ना?"

मला तेव्हा कळलं की मी काय करते आहे. मी तोंड उघडलं. भाऊजी म्हणाले, "हो साहेब, स्वखुशीनेच." त्या माणसाने पुढचा नंबर पुकारला.

घराचा आणि छापखान्याचा, दोन्हींचा माझा हक्क तिथं गेला. मशीन भंगारात गेलं. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, त्याचं भाडं तुमच्या घरी येतं. मला सिडकोतल्या घराचा वरचा मजला राहायला आहे आणि महिन्याचा किराणा येतो, त्यात कधी खंड नाही. म्हणून लोक म्हणतात, व्यंकटराव भावजयीचं फार करतात. तेच तू लिहून घेतलंस.

मला आयुष्यात दोनदा कोणीतरी अधिकृतपणे काही विचारलं. एकदा सरकारने, एकदा तू. दोन्ही वेळा उत्तर तुझ्या बाबांनी दिलं, आणि दोन्ही वेळा लिहिणाऱ्याने मान वर केली नाही.

तुझ्या बाबांचा तिरस्कार कर असं मी म्हणत नाही. तो तुमचा प्रश्न आहे. पण राजेंद्रने तुला पुन्हा फोन केला असेल. नीरजा मला काल रडत म्हणाली की दुसऱ्यांदा आकडा पाठवायचं तो म्हणतो आहे, आणि या वेळी मी तिथं नसेन. रोज त्याच घरात राहून ती किती दिवस फोन पदराखाली लपवणार? मी चौदा दिवसही टिकले नव्हते.

तो आकडा पाठवणं तुझ्या हातात आहे. माझ्या नाही, तिच्याही नाही. तू पाठवणार आहेस की नाही, एवढंच मला कळायला हवं. तू पाठवलास तर मी नीरजाला माझ्याकडे घेऊन येईन आणि आम्ही दोघी वकिलाकडे जाऊ. तिथं 'निर्धास्त' हे नाव घ्यावं लागलं तर घेईन. मग हा मजला मला सोडावा लागेल, ते मला माहीत आहे. द्वारकाबाईंची मागची खोली रिकामी आहे. मी विचारून ठेवलं आहे.

हे पत्र बाबांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव. दाखवलंस तरी मी यातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

उत्तर लेखी पाठव. लिहिताना खोलीत दुसरं कोणी बसू देऊ नकोस.

भानुमती