उलटी जर्सी

ती. आईस,

उजवा हात प्लास्टरात आहे, म्हणून डाव्यानेच नमस्कार. अक्षराला हसू नकोस. जेवण-झोप व्यवस्थित आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

लागलं ते खेळताना नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आमच्या हॉकी संघाचा खर्च करणारे सिमेंटवाले शेठ खासदारकीला उभे आहेत. मंगळवारी त्यांचं कॉलेजात भाषण होतं आणि काही पोरं गेट अडवून बसली होती. कोच म्हणाले, "आज सराव गेटवर. स्टिका घ्या. आणि जर्सी उलटी घाला, शेठचं नाव दिसता कामा नये."

आम्ही तुटून पडलो. मीसुद्धा, आई. डोकी फुटली, एकाचे दात फरशीवर सांडले. माझ्या पायाशी एक चष्मेवाला पडला होता. मी पुन्हा स्टिक उगारली, तर तो रक्त थुंकत म्हणाला, "ढब्बू, बास कर रे."

मी थिजलो. या नावाने तुझ्याशिवाय मला कोण हाक मारतं? मग कळलं. हॉस्टेलात कपडे हरवू नयेत म्हणून कॉलरच्या आत तू लाल दोऱ्याने शिवलेलं नाव त्या दिवशी बाहेर आलं होतं.

मी त्याच्या अंगावर आडवा झालो. पुढचा फटका आमच्याच कॅप्टनचा. हात त्यात मोडला.

कोच म्हणतात, "ते नाव उसवून टाक." ब्लेड घेऊन बसलोही होतो, पण उसवलं नाही. उद्या जर्सी तशीच उलटी घालून पोलीस चौकीत जबाब द्यायला जातोय.

बाबांना मात्र खेळताना लागलं असंच सांग.

तुझा,
ढब्बू