किल्ली पोचली

सोमवार, ३ जून
हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या नोकरीचा दुसरा आठवडा आणि आजच हे! लॅबने नवा नियम काढलाय — हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरकडून रिपोर्टसाठी जाणाऱ्या प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळींत, त्यांनी दिलेली गुप्त किल्ली, म्हणजे सांकेतिक शब्द, हवी. नसेल तर रिपोर्ट नाही. सकाळपासून एकही आलेला नाही. साहेब म्हणाले, तुम्हीच बघा. मुलं मोठी होईपर्यंत घरी बसलेली मी!
सासूबाईंच्या गाठीचा रिपोर्टही त्यातच अडकलाय. ऑफिसात कुणाला बोलले नाही.

मंगळवार, ४ जून
रिपोर्ट मागणारा कोड जिथे तिथे विखुरलेला. प्रत्येक ठिकाणी किल्ली चिकटवत बसले असते तर संपलंच होतं. शेवटी सगळ्या विनंत्या जिथून बाहेर पडतात, तिथे एकदाच जोडली. माझ्या कॉम्प्युटरवरून थेट पाठवली — चाललं. हॉस्पिटलच्या सर्व्हरमधून — नकार. लॅबच्या प्रोग्रामरला फोन लावला. किल्ली आमच्यापर्यंत येतच नाही, एवढं बोलून त्याने ठेवून दिला.
घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, जमतंय का गं? हो म्हटलं. त्यांच्याकडे बघवेना.

बुधवार, ५ जून
डोकं चालत नाही. डबा तसाच परत आणला.

गुरुवार, ६ जून
सापडलं! विनंत्या पुढे लॅबकडे धाडणारा आमचाच मधला सर्व्हर किल्ली खातोय. हेडरच्या नावात अंडरस्कोर, म्हणजे अक्षरांच्या तळाशी येणारी रेघ, दिसला की तो हेडर गुपचूप गाळून टाकतो. नाव लॅबचं, सर्व्हर आमचा — कुणाला बोल लावणार? साहेब म्हणत होते, त्यांची चूक लेखी कळवा. मी सरळ फोन केला. आवाज चढवला नाही. लॅबचा तोच प्रोग्रामर म्हणाला,
"ताई, नाव मीच ठेवलंय. अंडरस्कोर काढून साधी रेघ देतो. थांबा फोनवर."
थांबले. मीही इकडे नाव बदललं. एक रिपोर्ट आला, मग धडाधड येतच राहिले. वॉर्डातली सिस्टर खाली येऊन माझा हात दाबून गेली.
यादीत सासूबाईंचं नाव दिसलं. उघडता आला असता. बोट माऊसवर होतं. नाही उघडला. तो डॉक्टरांनी बघायचा.

शुक्रवार, ७ जून
सकाळी सासूबाईंना म्हटलं, रिपोर्ट आलाय, संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टरांचा सोमवारीच फोन आला होता. लॅबने त्यांना तोंडी कळवलं. गाठ चांगली नाही. म्हटलं, तुझं काम मार्गी लागू दे, मग सांगू."